लेकीच्या नळाचं पाणी

ज्या माणसानं अख्ख्या साखर कारखान्याला पाणी पाजलं, तो स्वतः त्या कारखान्यातलं थेंबभर पाणी पीत नसे. ऐन वैशाखात, पत्र्याच्या शेडखाली डोकं शिजत असताना, स्वतःच्या हातानं बसवलेल्या नळाला टेकून तात्या उभे राहायचे. घसा कोरडा पडलेला असायचा, ओठांना खरपुड्या आलेल्या असायच्या. तरी नळाकडे ढुंकून न बघता खांद्यावरच्या पिशवीतून फिरकीचा पितळी तांब्या काढायचे. त्याचं झाकण आधी डोळ्यांपुढे धरून त्याचे आटे न्याहाळायचे, मग दोन घोट घ्यायचे आणि झाकण पुन्हा असं घट्ट लावायचे की दुसऱ्याला ते उघडणं शक्य नसे. हा तांब्या रोज सकाळी पणदरे गावातल्या त्यांच्या विहिरीवर भरला जाई आणि संध्याकाळी रिकामा होऊन परत जाई.

मी तेव्हा नवा होतो. इंदापूरचा पोरगा, पुण्याला जाऊन नकाशे काढायला शिकलेला आणि त्यामुळे स्वतःला फार शहाणा समजणारा. स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती. नीरेच्या डाव्या कालव्याच्या काठी शेतकऱ्यांनी भागभांडवल जमवून कारखाना उभा करायला घेतला होता. मोळी टाकून गाळप सुरू करायच्या आधी पाण्याची सगळी व्यवस्था तयार हवी. कालव्यातून पाणी उपसायचं, हौदात निवळायचं, वाळूतून गाळायचं, उंच टाकीत चढवायचं आणि तिथून बॉयलर, चरक, प्रयोगशाळा, मोऱ्या, पिण्याचे नळ अशा सगळ्या ठिकाणी पोचवायचं. मी ते कागदावर पोचवत असे. लोखंडातून पोचवायचं काम तात्यांचं.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना तोंडावर विचारलं, "तात्या, तुमच्या नळाचं पाणी वाईट आहे की काय? स्वतः पीत नाही ते?"

ते मनापासून दुखावले. "वाईट? अवो नकाशेवाले, काय बोलताय! ह्या टाकीतनं निघालेली परत्येक लाइन माजी लेक हाय. आन लेकीच्या घरचं पाणी बाप पितो का कुठं?"

मला वाटलं, थट्टा करतायत. थट्टा नव्हती.

आपल्याकडची ही रीत तुम्हाला ठाऊक असेलच. मुलगी दिली की तिला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरी अन्नपाणी घेत नाही. दारात जाईल, ओट्यावर बसेल, ख्यालीखुशाली विचारेल आणि उठून येईल. तात्यांनी ही रीत उचलून जशीच्या तशी लोखंडाला लावली होती. टाकी म्हणजे आई. तिच्यातून निघालेले पाइप म्हणजे लेकी. ज्या खात्यात पाइप गेला ते तिचं सासर. एवढं एकदा डोक्यात बसलं की तात्यांचं सगळं बोलणं लख्ख कळायचं. बसलं नाही, तर माणूस वेड्यात काढायचा.

"बायलरचं घर लई कडक," ते मला समजावत. "तितं नाजूक लेक द्यायची न्हाय. जाड पत्र्याची, सोसणारी बगून द्यायची." वाफ थंड करायच्या यंत्राला तर मणामणानं पाणी लागायचं, पण ते वापरून पुन्हा कारखान्याच्या तळ्यात परत यायचं. त्या घरावर तात्या खूश होते. "घेत्यात तेवढं समदं माघारी धाडत्यात. असलं व्याही मिळाया भाग्य लागतं." आणि सगळ्यात जास्त माया सांडपाण्याच्या लाइनीवर. तिच्यावरून जाताना त्यांचा आवाज खाली यायचा. "ही गुणाची. समद्यांचं पोटात घालती आन तोंडातनं शबुद न्हाय."

जोड बसवायचा तो सोहळाच असे. आट्यांना सफेदा लावायचा, त्यावर तागाचे धागे गुंडाळायचे आणि पाना लावण्याआधी पिशवीतल्या पुडीतून हळदीकुंकवाचं बोट पाइपला टेकवायचं. मग कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल असं, पुटपुटायचं, "नीट नांद गं बाई." त्यानंतरच पाना फिरायचा. जोड बसला की थोड्या दिवसांनी तात्या तिच्या भेटीला जात. हात फिरवत, खाली वाकून बघत. कुठं थेंब दिसला तर चिडायचे नाहीत.

आमचे इंजिनियर दातेसाहेब पुण्याचे, डोक्यावर हॅट, बोलणं मोजकं. ते म्हणायचे, "तात्या, चरकाकडचा जोड गळतोय."

"गळत न्हाय सायेब, रडती. नवी हाय. चार दिस लागत्यात रुळाया."

"अहो, रडू द्या की हसू द्या, आवळा तो!"

साहेब मनानं चांगले होते, पण माणसाला सहनशक्ती असते तेवढीच असते. त्यातून तात्यांचं एक खूळ असं होतं की त्यापुढे कुणाचंही डोकं फिरलं असतं. नवा जोड ते पहिल्या दिवशी पुरता आवळत नसत. शेवटचा अर्धा आटा सैल ठेवत. म्हणे, लेक नव्या घरी गेली की पहिल्याच दिवशी तिला जाचायचं नाही. हा शुद्ध अडाणीपणा होता. जोड काही लाजत नाही आणि पाण्याचा दाब काही वाट बघत नाही. मी त्यांना हे परोपरीनं सांगितलं. ते मान डोलवायचे आणि अर्धा आटा सैल ठेवायचे.

त्याचं फळ मिळालं तेही सगळ्या पंचक्रोशीसमोर. गावोगावचे भागधारक शेतकरी आपला कारखाना बघायला आले होते. नवे फेटे, कडक धोतरं, काही जण तर लग्नाला निघाल्यासारखे नटलेले. दातेसाहेब चरकाशेजारी उभे राहून पाण्याची व्यवस्था समजावून सांगत होते. समजावून झालं आणि त्यांनी चावी फिरवायची खूण केली. आदल्याच संध्याकाळी बसवलेला डोक्यावरचा जोड क्षणभर कुरकुरला, मग त्यातून छत्रीएवढा फवारा उडाला. साहेबांची हॅट भिजली, कोट भिजला, पुढच्या रांगेतले सगळे फेटे भिजले.

मी डोळे मिटून घेतले. आता तात्यांची नोकरी गेली, आणि माझीही जायची वेळ आली, असं वाटलं. पण कानावर आलं ते भलतंच. "आलं रं, पाणी आलं!" म्हणून कुणीतरी ओरडलं आणि पाठोपाठ "हर हर महादेव!" अशी आरोळी उठली. त्या लोकांना कुठं ठाऊक की पाणी पाइपातच राहायला हवं होतं. त्यांना एवढंच दिसलं की कालव्याचं पाणी कारखान्यात खेळलं. एका म्हाताऱ्यानं तर ओल्याचिंब साहेबांना मिठीच मारली. त्यानंतर रागवायचं कसं? साहेबांनी हॅट काढली, झटकली आणि जाता जाता तात्यांच्या कानाशी म्हणाले, "तात्या, आजपासून सासुरवास पहिल्याच दिवशी सुरू."

तेव्हापासून जोड पुरते आवळले जाऊ लागले. आणि गंमत अशी की साहेबही हळूहळू "ती प्रयोगशाळेतली रडतेय बरं का" असं बोलायला लागले.

मी मात्र तात्यांची फिरकी घ्यायचं सोडलं नव्हतं. एकदा विचारलं, "तात्या, लेकीला मूल झालं की बापाला पाणी चालतं. मग तुमच्या पाइपांना मूल कधी व्हायचं?"

त्यांनी हा प्रश्न भलताच गंभीरपणे घेतला. बिडी विझेपर्यंत विचार केला. "ज्या दिशी कारखान्यातनं साखर पडंल त्या दिशी," ते म्हणाले. "साखर म्हंजे समद्या लेकींचा मिळून एक नातू. तवा पिईन. तवर माजा तांब्याच बरा."

मी हसलो. हे सगळं लोखंडापुरतं आहे अशीच माझी समजूत होती.

मग एकदा कालव्याच्या वरच्या अंगाला पाहणी करायला मी आणि तात्या बैलगाडीनं गेलो. परतताना कोऱ्हाळे बुद्रुक लागलं. "हितं माजी लेक हाय, हौसा," तात्या म्हणाले. "घडीभर थांबू." मी चमकून बघितलं. इतक्या लेकींच्या गोष्टी ऐकल्या होत्या, पण हाडामांसाची एक लेक आहे हे पहिल्यांदाच कळत होतं.

घर चांगलं होतं. जावई महादू रानात गेला होता. त्याची आई कोंडाबाई दारातच शेंगा फोडत बसली होती. भारदस्त बाई, तिनं नुसतं वर बघितलं तरी माणूस टोपी नीट करायचा. तात्या ओट्याच्या अगदी कडेला टेकले. आतून हौसा पाण्याचे दोन तांबे घेऊन आली. वडिलांसारखंच रुंद कपाळ, मोठे डोळे. मी तांब्या घेतला. तात्यांपुढे तिनं दुसरा धरला तेव्हा त्यांनी हात आडवा केला, पिशवीतून आपला फिरकीचा तांब्या काढला आणि लेकीच्या समोर आपल्या विहिरीचं पाणी प्यायले.

"आमच्या घरचं पाणी प्यायचा योग पाव्हण्यांना कंदी येतूय कुणास ठावं," कोंडाबाई शेंगेकडे बघत म्हणाली. शेजारच्या ओट्यावरच्या दोन बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. हौसा भरलेला तांब्या घेऊन आत गेली ती पुन्हा बाहेर आलीच नाही.

गाडीत बसल्यावर तात्यांनी बिडी पेटवली. मग आपणहून म्हणाले, "लगीन होऊन लई वर्सं झाली. पोरबाळ न्हाय. दवा झाली, देव झालं. आता ती म्हातारी महादूसाठी दुसरी पोरगी बगती. महादू 'न्हाय' म्हनतूय, पर किती दिस म्हनंल?"

"तुम्ही काही बोलत का नाही?"

"काय बोलणार? बाप मान्साचं तोंड बांदल्यालं असतंय. आपण आपली रीत सोडायची न्हाय, एवढंच आपल्या हातात. उद्या कुणी म्हनाया नगं की हौसाच्या बापाला रीतभात न्हाय."

तेव्हा मला त्या लोखंडी लेकींचा उलगडा झाला. एका लेकीच्या घरी काही करता येत नव्हतं, म्हणून हा माणूस दिवसभर बाकीच्यांचे डोळे पुसत हिंडत होता. त्या दिवसापासून मी त्यांना तांब्यावरून छेडलं नाही.

हंगाम जवळ आला तशी कामगारांची भरती झाली. महादूला कारखान्यात काम मिळालं, चरकाकडे ऊस नेणाऱ्या गव्हाणीत मोळ्या टाकायचं. कारखान्यानं कामगारांसाठी चाळ बांधली होती, त्यातली एक खोली त्याला मिळाली. कोंडाबाई, महादू आणि हौसा कोऱ्हाळ्याहून बिऱ्हाड घेऊन आले. चाळीपुढे नळ यायचा होता आणि तो आणायचं काम अर्थातच तात्यांचं.

ती लाइन त्यांनी ज्या निगुतीनं टाकली, तशी बॉयलरचीही टाकली नव्हती. चर पुन्हा पुन्हा खोल केला. सफेदा दोनदा लावला. शेवटचा जोड आला तेव्हा हळदीकुंकवाचं बोट टेकवलं आणि मी कान देऊन थांबलो. "नीट नांद गं बाई" आलंच नाही. ओठ हलले, आवाज निघाला नाही. मग पाना लावून त्यांनी तो जोड असा आवळला की दोन्ही हातांच्या शिरा फुगल्या.

नळ सुरू करायच्या सकाळी चाळीतल्या सगळ्या बायका घागरी घेऊन जमल्या. दातेसाहेबांनी नारळ फोडला. मी चावी फिरवली. नळानं आधी नुसता वारा सोडला, मग दोन-चार गुळण्या टाकल्या, मग गंजाचं लालसर पाणी, आणि मग एकदम स्वच्छ धार पडली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. "मिस्त्रींची लेक हाय की आपल्यात! भर गं हौसा, पयली घागर तूच भर," कुणीतरी म्हणालं. हौसा हसत पुढे झाली. तिनं घागर नळाखाली धरलीसुद्धा.

"तिची नगं," कोंडाबाई म्हणाली. मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "पयली घागर लेकुरवाळीची भरावी. शुभ काम हाय."

धार रिकामी जमिनीवर पडत राहिली. महादू मान खाली घालून उभा राहिला. हौसानं घागर उचलली आणि बाजूला झाली. मला संताप आला. साहेबांनाही आला असावा, त्यांनी हॅट काढून हातात घेतली. पण परक्या घरच्या गोष्टीत आम्ही काय बोलणार?

तात्या चराच्या कडेला उभे होते. असं काही झालं की त्यांचा हात आपोआप पिशवीत जायचा, तसा गेला. त्यांनी तांब्या काढला आणि झाकण फिरवू लागले. हौसा त्यांच्याजवळ आली. मी दोन हातांवर होतो, म्हणून तिचं बोलणं मला ऐकू आलं.

"तात्या, नगा काढू तो तांब्या," ती म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. "तुमी दर खेपंला माज्या दारात येता, हात आडवा करता आन हे पाणी पिता. समदी आळी बगती. सासूबाई तोंडानं बोलत्यात. तुमी तांब्यानं बोलता. दोगांचं बोलणं येकच असतंय."

तात्यांचा हात झाकणावरच राहिला. इतकी वर्षं हा माणूस रीत पाळत होता ती लेकीला कुणी नाव ठेवू नये म्हणून. आणि त्या रीतीनंच दर खेपेला, भर ओट्यावर, तिची ओटी रिकामी असल्याची दवंडी पिटली जात होती. हे त्यांना आत्ता कळत होतं. ते चेहऱ्यावर असं उमटलं की मला बघवेना.

मग त्यांनी झाकण काढलं, तांब्यातलं पणदऱ्याचं पाणी चराच्या मातीत ओतून दिलं आणि सरळ नळापाशी गेले. बायकांनी वाट दिली.

"ईनबाई," ते कोंडाबाईला म्हणाले, अगदी मानानं, हात जोडून. "पयली घागर कुणाची बी भरा. माजं काय म्हननं न्हाय. पर मला तान लागलीया, आन हे माज्या लेकीचं घर हाय." त्यांनी रिकामा तांब्या मागं वळून हौसाकडे दिला. "भर."

"तात्या, रीत..." महादू पुटपुटला.

"भर गं."

हौसानं तांब्या भरला. काठोकाठ भरून तिनं तो दोन्ही हातांनी पुढे केला. तात्यांनी मान मागे टाकली, तांब्या उंच धरला आणि घटाघटा प्यायले. पाणी मिशांवरून, गळ्यावरून, सदऱ्यावरून वाहत होतं. तांब्या रिकामा झाला तसा पुन्हा पुढे केला आणि दुसऱ्यांदाही तेवढाच प्यायले. मग तोंड पुसलं आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माज्या लेकीच्या घरी काय बी कमी न्हाय."

महादूनं मान वर केली. पुढे येऊन त्यानं हौसाच्या हातातली घागर घेतली, स्वतः नळाखाली धरली, भरली आणि खांद्यावर घेऊन खोलीकडे निघाला. बायकांसमोर गडीमाणसानं पाणी भरायचं, हे त्या काळी आमच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. कुणीतरी हसलं, पण त्या हसण्यात टवाळी नव्हती.

सगळे कोंडाबाईकडे बघत होते. तिनं पदर सारखा केला, पुन्हा सारखा केला. मग व्याह्यांच्या भिजलेल्या सदऱ्याकडे बघून, जरा घोगऱ्या आवाजात म्हणाली, "पाव्हणं, पाणी प्यालाच हाय तर मग... च्याला बी बसा."

तात्या बसले. ओट्याच्या कडेला नाही, खोलीत, भिंतीला पाठ टेकून. चहा म्हणे गुळाचा होता आणि त्यांनी दोनदा घेतला. महादूच्या दुसऱ्या सोयरिकीचं बोलणं त्यानंतर माझ्या तरी कानावर आलं नाही.

ही गोष्ट सांगितली की लोक हमखास विचारतात, पुढं हौसाला मूल झालं का? मी सांगत नाही. तात्यांनी पाणी प्यायला त्याची वाट पाहिली नाही, मग तुम्ही का पाहता?

दुसऱ्या दिवशी तात्या कामावर आले ते खांद्यावर पिशवी नसताना. सकाळभर ते कारखान्यातल्या एकेका नळापाशी जाऊन ओंजळीनं पाणी पीत होते. बॉयलरजवळ प्यायले, चरकाजवळ प्यायले, प्रयोगशाळेत शिरून तिथलंही प्यायले. मला राहवलं नाही. "तात्या, साखर यायची आहे की अजून!"

"यील तवा यील," ते म्हणाले. "लेक काय साखरंसाठीच घरात असती व्हय?"

दुपारी जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या फाटकापाशी हौसा उभी दिसली. हातात तो फिरकीचा तांब्या. काल तिच्याकडेच राहिला होता. आता तो पणदऱ्याच्या विहिरीवर नाही, तिच्या दारच्या नळावर भरलेला होता. तात्यांनी सवयीनं झाकणाचे आटे डोळ्यांपुढे धरून पाहिले, मग एक घोट घेतला आणि जीभ टाळूला लावून बघितली.

"लोखंडाची चव लागतीया जरा," ते म्हणाले.

"नवी लाइन हाय, तात्या," हौसा म्हणाली. "चार दिस लागत्यात रुळाया."